पाणी वाकडं असतं म्हणे

नाही, पण मी म्हणतो, पाणी सरळ असलं तर कुणाचं काय बिघडतं? तुम्हीच सांगा! प्यायलात तर तहान भागेल, ओतलंत तर सांडेल, तापवलंत तर उकळेल... पण नाही. वाकडंच पाहिजे म्हणे. आणि नुसतं वाकडं नाही, बेतानं वाकडं! जरा कमी वाकवलं की बाई म्हणतात, "पेंटर, अजून थोडं." जरा जास्त वाकवलं की, "अहो पेंटर, एवढं नाही, मान मोडल्यासारखं दिसतंय ते." आता मला सांगा, ज्या माणसाची उभी हयात सरळ रेघ मारण्यात गेली, त्याला शिडीवर चढवायचं आणि खालून सांगायचं, वाकडं काढ? माणुसकी म्हणून काही असते की नाही?

तुम्हाला सांगतो, आपला धंदा पाट्यांचा. दुकानाच्या पाट्या, दवाखान्याच्या पाट्या, "येथे वाहने लावू नयेत", "कुत्र्यापासून सावध राहा", "जिना निसरडा आहे"... या गावात तुम्ही जिथे जिथे काही करता करता थांबला असाल ना, तिथे तिथे तुम्हाला मी थांबवलंय. पण माझं नाव वाचलंय का कुठे? नाही! डॉक्टरचं नाव आहे, वकिलाचं नाव आहे, कुत्र्याचासुद्धा उल्लेख आहे. रंगवणाऱ्याचं नाव कुणी घालू देत नाही. म्हणतात, "पेंटर, ती कोपऱ्यात कसली किडामुंगी काढलीय, पुसा." किडामुंगी! माझं नाव होतं ते.

आणि धंद्याचा नियम एकच. आपलं काम रंगवायचं, समजून घ्यायचं नाही. समजून घ्यायला बसलं की हात थरथरतो. मी तर मजकूर वाचतच नाही, मी आकार बघतो. अक्षराच्या पोटात किती हवा, दोन शब्दांत किती फट, डावी बाजू जड झाली का, खाली रिकामं राहिलं का... रिकामं राहिलं की भरायचं, कललं की सरळ करायचं. दातांच्या डॉक्टरांची पाटी केली मी. हसरं तोंड काढायचं होतं. पाटी होती रुंद, दात पडले कमी, दोन्ही बाजूंना फट राहिली. मग काय, घातले चार दात जास्त! आजतागायत कुणी मोजलेले नाहीत. डॉक्टरांनीही नाही. दवाखाना तुडुंब चालतो. आता याला चूक म्हणायचं की कला?

आमची ही मात्र तेव्हाही म्हणाली होती, "आधी विचारायला काय होतं हो तुम्हाला?" हे तिचं ठरलेलं वाक्य आहे. मी भाजी आणली तरी तेच, सुट्टी घेतली तरी तेच, आणि मला खात्री आहे, मी तिला मागणी घातली तेव्हाही मनात तेच म्हणाली असणार.

तर झालं असं, की आमच्या कन्येच्या शाळेत नवी प्रयोगशाळा बांधली. कन्या नववीत. प्रयोगशाळेची समोरची भिंत ही एवढी, कोरी करकरीत, आणि हेडसरांनी मला बोलावलं. हेडसर म्हणजे कसे, तर कुठलीही गोष्ट दाखवा, ते आधी "सुंदर, सुंदर" म्हणतात आणि मग बघतात. म्हणाले, "पेंटर, सोमवारी पाहुणे येणार आहेत उद्घाटनाला. भिंतीवर रेणू काढायचे. कोण कुणाशी कसं जोडलेलं असतं ते, आणि खाली त्यांची नावं. आणि हो, कोपऱ्यात तुमचं नाव घाला." मी म्हटलं, काय? "नाव घाला हो. कलाकाराचं नाव पाहिजेच." कलाकार! घरी आलो, कन्येला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर करून टाकलं, ती भिंत माझे बाबा रंगवणार आहेत आणि खाली त्यांचं नाव येणार आहे. आता मागे फिरायची सोयच नाही ना!

आणि निघता निघता हेडसर काय म्हणाले माहितेय? "नाही जमलं तर सांगा, मोकळेपणानं सांगा. फ्लेक्स लावून टाकू." फ्लेक्स! माझ्यासमोर! अहो, या फ्लेक्सनं आमचा अख्खा धंदा खाल्लाय. मशीनच्या एका तोंडातून कोरं कापड आत, दुसऱ्या तोंडातून छापलेलं बाहेर, ना घाम ना ब्रश. आणि गावात फ्लेक्सचं दुकान कुणाचं? चकचक्याचं. चकचक्या म्हणजे माझा जुना भागीदार. प्रत्येक अक्षराला पांढरी चकाकी मारायची सवय त्याला, म्हणून चकचक्या. आम्ही दोघांनी मिळून एक मोठी घोडाशिडी घेतली होती. एक वर चढणार, दुसरा खाली धरणार. एकट्याला ती शिडी काही कामाची नाही, धरल्याशिवाय डुगडुगते. मग एक दिवस याला मशीनचा मोह झाला. जाताना म्हणाला, "शिडी ठेव तुझ्याकडे, मला आता लागणार नाही." भांडला असता तर बरं वाटलं असतं हो. शिडी मागितली असती तरी बरं वाटलं असतं. मागितलीच नाही, याचं मला वाईट वाटलं. तेव्हापासून त्याच्या दुकानावरून जाताना मी समोरच्या बाजूला बघतो. समोरच्या बाजूला भिंत आहे, तीच बघतो.

असो. तर रसायनाच्या बाईंनी मला कागदावर चित्र काढून दिलं. बाई म्हणजे एवढीशी मूर्ती, पण आवाज असा की परीक्षानळी तडकावी. कागद दिला आणि म्हणाल्या, "जसंच्या तसं काढा हां." मी म्हटलं, निर्धास्त राहा. आता तुम्हीच बघा, कसं निर्धास्त राहायचं! त्या कागदावर एक चित्र धड नव्हतं. पाण्याचं बघा. मध्ये मोठा गोळा ऑक्सिजन, त्याला दोन छोटे गोळे हायड्रोजन, आणि दोन्ही खाली लोंबलेले. म्हटलं, बाई घाईत असतील, हात हलला असेल. मी काय केलं, खडूच्या भुकटीत दोरी बुडवली, दोन खिळ्यांना ताणली, टणकन सोडली... आणि हायड्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन, तिघं एका रेघेत! बुडबुड्याची पट्टी लावून बघितलं, बुडबुडा बरोबर मध्ये. एच टू ओ मधला दोनचा आकडा बाईंनी पायरीखाली घसरल्यासारखा काढला होता, त्याला उचलून ओळीत आणला, बाकीच्या अक्षरांएवढा उंच केला. अमोनियाच्या नायट्रोजनला खाली तीन हायड्रोजन आणि डोक्यावर मोकळं रान. शोभतं का? एक जादा हायड्रोजन काढला वर, चारी बाजू भरल्या. मिठाचं तर विचारूच नका. सोडियम एकीकडे, क्लोरीन दुसरीकडे, मध्ये रेघच नाही! सगळ्यांना रेघा आहेत, या दोघांनीच काय घोडं मारलंय? मारली रेघ. खाली नाव लिहायचं, तर "सोडियम क्लोराइड" उजवीकडे जड होत होतं, म्हणून "क्लोराइड सोडियम" लिहिलं. आणि कार्बन डायऑक्साइड त्या चौकटीत मावेना, तर मधला "डाय" काढून टाकला. दोन अक्षरांनी कुणाचं काय अडतंय?

झालं. कोपऱ्यात ठसठशीत नाव घातलं. हेडसर आले, "सुंदर, सुंदर" म्हणाले, खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला, गेले. मला वाटलं, जिंकलं!

त्या दिवशी जेवताना मी कन्येला म्हटलं, पाहिलीस का भिंत? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पाणी सरळ काढलंय." मी म्हटलं, काढलंय ना! पट्टी लावून! बघ म्हणावं तुझ्या मैत्रिणींना. ती ताटात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वर्गात सगळे हसतील, बाबा." आमची ही म्हणाली, "आधी विचारायला काय..." मी म्हटलं, वाढा.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला. मग म्हणाल्या, "पेंटर, हे काय केलंत?" मी म्हटलं, दुरुस्त केलं. "दुरुस्त?" मी म्हटलं, हो, तुमचं पाणी कललं होतं. तुम्हाला सांगतो, त्या बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. म्हणाल्या, "पाणी वाकडं असतं." मी म्हटलं, कोण म्हणतं? "निसर्ग म्हणतो!" आता निसर्गाशी कोण भांडणार? पण मी भांडलो. म्हटलं, बाई, रेघ सरळ मारणं हा काही गुन्हा आहे का? मी पेंटर आहे. आपलं काम रंगवायचं, समजून घ्यायचं नाही! तर म्हणाल्या, "समजल्याशिवाय या भिंतीला तुम्ही आता ब्रश लावायचा नाही. आणि ते नाव पुसा. आधी बरोबर, मग नाव." आणि पुसायला लावलं हो! माझ्याच हातानं, टर्पेंटाइनचा बोळा घेऊन, माझंच नाव! वर हेडसर दारातून डोकावून म्हणतात, "नाही जमत का? फ्लेक्स सांगू का?"

मग काय करता? बसलो. नववीच्या बाकावर, या वयात, गुडघे हनुवटीला लावून. आणि बाईंनी सुरू केलं. "हे बघा, पेंटर. प्रत्येक अणूला बाहेरच्या घरात आठ इलेक्ट्रॉन पाहिजे असतात." मी म्हटलं, का? "आठ झाले की तो शांत होतो." मी म्हटलं, आणि नसले तर? "नसले तर मिळवतो. हायड्रोजनचं तेवढं दोनांवर भागतं." म्हणजे बघा, तिथेही भूक आहेच. म्हणाल्या, "काहींचे आठ जन्मतःच भरलेले असतात. निऑन, अर्गॉन. निष्क्रिय वायू. ते कुणाला काही देत नाहीत, कुणाकडून घेत नाहीत, कशात मिसळत नाहीत." मी म्हटलं, म्हणजे हेडसर. बाई पहिल्यांदा हसल्या. लगेच आवरलं त्यांनी, पण हसल्या.

मग मिठाची गोष्ट. सोडियमकडे बाहेर एकच इलेक्ट्रॉन, तो त्याला नकोसा. क्लोरीनकडे सात, त्याला एक हवासा. यानं दिला, त्यानं घेतला. देणारा प्लस, घेणारा मायनस, आणि मग एकमेकांना ओढत बसायचं. "म्हणून मध्ये रेघ नाही," बाई म्हणाल्या, "तिथे वाटणी नाही, ओढ आहे." मी म्हटलं, ओढ कशी रंगवायची? "रंगवायची नाही. प्लस-मायनस काढायचं, कळतं ते." तुम्हाला सांगतो, मला पटलं नाही, पण आवडलं. आणि नावाचा नियम काय? धातू आधी, तो आपलं नाव तसंच ठेवतो. दुसरा मागून येतो, त्याचं शेपूट कापून "आइड" लावायचं. क्लोरीनचा क्लोराइड, ऑक्सिजनचा ऑक्साइड. मी घरी येऊन हे सांगितलं तर आमची ही काय म्हणावी? "चला, कुठेतरी दुसऱ्या कुणाला नाव बदलावं लागतंय." आता यात माझा काय दोष? पण तोंड माझंच पडलं.

आणि तो "डाय"! बाईंनी त्यावरून मला जे झापलंय... म्हणाल्या, "डाय म्हणजे दोन. दोन ऑक्सिजन. तो आपण श्वासातून बाहेर टाकतो, सोड्याच्या बाटलीत भरतो. एकच ऑक्सिजन असला तर तो मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी धुमसली तर तोच माणसं मारतो, वाससुद्धा येत नाही त्याला. तुम्ही 'डाय' खाल्लात, आता पोरांनी कुठला समजायचा? उद्या हीच पोरं या खोलीत काम करणार आहेत, पेंटर." आता बघा, "जिना निसरडा आहे" मधला "निसरडा" मावला नाही म्हणून मी गाळला असता, तर लोक पडलेच असते ना. हे मात्र मला लागलं.

मग पाणी. बाई म्हणाल्या, "इथे देणंघेणं नाही, इथे भागीदारी आहे. हायड्रोजननं एक इलेक्ट्रॉन आणला, ऑक्सिजननं एक आणला, आणि ती जोडी दोघांच्या मध्ये ठेवली. दोघांची. कुणी एकट्यानं उचलून न्यायची नाही." मी म्हटलं, शिडी. "काय?" काही नाही, म्हटलं, पुढे सांगा. पण मला पुढचं थोडा वेळ ऐकू आलं नाही.

"ऑक्सिजनकडे अजून दोन जोड्या आहेत," बाई सांगत होत्या, "त्या त्याच्या स्वतःच्या, तो कुणाला देत नाही. दिसत नाहीत, पण जागा अडवतात आणि बाकीच्यांना ढकलतात. म्हणून हायड्रोजन खाली वाकतात. अमोनियाच्या डोक्यावरही तेच. तुम्हाला रिकामं दिसलं, तिथे एक जोडी बसलीय." घ्या! म्हणजे रिकाम्या जागेतही कुणीतरी पाय पसरून बसलेलं असतं आणि ते चित्रात दाखवायचंही नाही. अशा धंद्याला काय म्हणावं?

पण आपण ऐकलं. शिडीवर चढलो, पाणी वाकवलं. तुम्हाला कल्पना नाही काय वाटतं ते! हात नाही म्हणतो. खांदा नाही म्हणतो. डोळे मिटून वाकवलं. मग म्हटलं, आता आपल्याला कळलं, इथे सगळं वाकडं असतं. आणि झपाट्यात पुढचा कार्बन डायऑक्साइडही वाकवून टाकला. बाई आल्या. "पेंटर! हा सरळ असतो!" अहो! मी ब्रश डब्यात टाकला. म्हटलं, बाई, पाण्यात तीन गोळे, यात तीन गोळे, ते वाकडं आणि हे सरळ? "यातल्या कार्बननं आपले बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन वाटून टाकलेत. स्वतःसाठी काही ठेवलं नाही, मग ढकलणार कोण?" आता बोला! ज्यानं राखून ठेवलं तो वाकला, ज्यानं सगळं वाटून टाकलं तो सरळ राहिला. मला तर हा रसायनाचा तास आहे की कीर्तन, तेच कळेना.

रविवारी शाळा रिकामी. एकटाच गेलो. वरची ओळ तेवढी राहिली होती, अमोनियाच्या डोक्यावरचा तो हायड्रोजन खरवडायचा होता. शिडी लावली, चढलो, तर डुगडुग, डुगडुग. धरणार कोण? तोल सावरत एका हातानं खरवडतोय, आणि अचानक शिडी थांबली. खाली बघतो तर चकचक्या! खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स, आणि दोन्ही हातांनी शिडी धरलेली. जुन्या सवयीनं, एक पाय खालच्या पायरीवर टेकवून. खरवडून झालं, प्रायमर लावून झाला, रंग लावून झाला, त्यानं शिडी सोडली नाही.

खाली उतरलो. म्हटलं, हे काय आणलंयस? तो म्हणाला, "हेडसरांनी ऑर्डर दिली होती. भिंत वेळेत झाली नाही तर असू दे म्हणून." आणि उलगडला... तर काय! माझीच भिंत! पहिल्या दिवशीची! हेडसरांनी मोबाइलवर काढलेला फोटो, तो मोठा करून छापलेला, वर याची चकाकी. पाणी सरळ! डाय गायब! नायट्रोजनच्या डोक्यावर तो आगाऊ हायड्रोजन, जो मी आत्ता नखं मोडेस्तोवर खरवडला! आणि खाली कोपऱ्यात माझं नाव, तळहाताएवढं. मी ओरडलो, अरे, हे सगळं चूक आहे! तर तो काय म्हणाला असेल? शांतपणे म्हणाला, "मला काय माहीत? आपलं काम छापायचं, समजून घ्यायचं नाही."

तुम्हाला सांगतो, माझं डोकंच फिरलं! म्हटलं, समजून घ्यायला काय होतं तुला? पाणी सरळ असतं का कधी? ऑक्सिजनच्या त्या दोन जोड्या काय तुझ्या दुकानात येऊन बसल्यात? कार्बननं सगळं वाटून टाकलं म्हणून तो सरळ, हे तुला साधं कळू नये? आधी विचारायला काय... आणि मी थांबलो. कारण ते वाक्य माझं नव्हतं. चकचक्या माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तू बरा आहेस ना?"

हेडसरांना सांगितलं तर ते म्हणतात, "छापलाय तर लावा. चमकतोय छान. सुंदर, सुंदर." झालं! बरोबर भिंतीवर चुकीचा फ्लेक्स! सोमवारी सकाळी पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, मागे नववीचा वर्ग, मी आणि चकचक्या दाराशी. समोर माझ्या सगळ्या चुका, चकाकीसकट, आणि खाली माझं नाव. पाहुणे डोळे बारीक करून नाव वाचायला लागले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव वाचत होतं, आणि मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. कन्येकडे बघायची हिंमत नव्हती.

आणि बाई उठल्या. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, या चित्रात पेंटरांनी मुद्दाम चुका ठेवल्या आहेत. शोधा बघू." मुद्दाम! तो एक शब्द ऐकला आणि मी भिंतीला टेकलो. मग काय विचारता, पोरांचे हात भराभर वर. "बाई, मिठात रेघ नसते!" "बाई, धातू आधी!" "बाई, डाय कुठंय?" "बाई, दोन खाली पाहिजे!" "बाई, अमोनियाला तीनच!" सगळ्यात शेवटी आमची कन्या उठली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी सरळ नसतं." बाईंनी खूण केली, मी आणि चकचक्यानं दोन बाजूंनी फ्लेक्स गुंडाळत वर नेला... आणि खाली भिंत. बरोबर भिंत. पाणी बेतानं वाकलेलं. टाळ्या! पाहुणे उभे राहिले! हेडसर पाहुण्यांना सांगतात, "कल्पना माझीच."

आता शेवट चांगला झाला असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. बाई म्हणाल्या, "पेंटर, आता घाला नाव." ब्रश घेतला, कोपऱ्याशी गेलो, तर तिथे फ्लेक्स अडकवायचा खिळा. चकचक्यानं ठोकलेला, भक्कम. दुसरा कोपरा बघितला, तिथे हात धुवायचं बेसिन. फ्लेक्स काढा म्हटलं तर बाई म्हणाल्या, "छे, छे, तो आता कायमचा! आधी चुका दाखवायच्या, मग उत्तर." म्हणजे बघा, बरोबर उत्तराखाली खिळा आणि बेसिन, आणि चुकांखाली मी! चकचक्या तेवढा खूश आहे. रविवारी शिडी धरायला येतो आता, वर विचारतोही, "हे असं का रे?" मी सांगतो. काय करणार, सांगावं लागतं.

आणि परवा सहामाहीचा पेपर झाला. प्रश्न पहिला काय, ऐका. "प्रयोगशाळेतील फ्लेक्समध्ये पेंटरने केलेल्या कोणत्याही पाच चुका सांगा व त्या सुधारा." कोणत्याही पाच! म्हणजे पोरांना निवडायला वाव! अहो, मुद्दाम केलेल्या, एवढं तरी लिहायचं ना बाईंनी? आणि या प्रश्नात वर्गात पैकीच्या पैकी कुणाला? आमच्या कन्येला. पेपर दाखवला तिनं, अभिमानानं. पाच विचारल्या होत्या, तिनं सहाच्या सहा लिहिल्या, सुधारून, आकृत्या काढून. आणि खाली सातवी, जी बाईंच्याही लक्षात आली नव्हती. बाईंनी तिला जादा मार्क दिलाय आणि शेजारी लाल शाईत लिहिलंय, "अगदी बरोबर."

सातवी चूक काय, तर, "पेंटरने आधी विचारले नाही."

आमच्या हिनं तो पेपर आता भिंतीवर लावायला काढलाय. म्हणते, याला छानशी चौकट रंगवून द्या. मी काय बोलणार? आपलं काम रंगवायचं.